जिनिव्हाच्या टेबलावर बजाजनगरचा व्हर्नियर

प्रश्न : बजाजनगरात मोहटादेवी चौकाच्या पुढे माझं छोटं वर्कशॉप आहे. एक लेथ, एक ड्रिल, मी आणि एक मदतनीस. जॉबवर्क करतो. मागच्या वर्षी मोबाइलवर जाहिरात दिसली म्हणून एका परदेशी संकेतस्थळावरून डिजिटल व्हर्नियर मागवला. कार्डाचा नंबर टाकला, ओटीपी आलाच नाही आणि पैसे गेले. दीड महिन्याने पार्सल आलं. २५ मिलिमीटरच्या स्लिप गेजवर, म्हणजे माप तपासायच्या प्रमाण ठोकळ्यावर, तो कधी २५.०८ दाखवतो, कधी २४.९५. परत घ्या म्हटलं तर 'स्वखर्चाने आमच्या देशात पाठवा' असं उत्तर आलं. वाद झाला तर तो त्यांच्याच शहरातल्या न्यायालयात चालेल, असंही अटींमध्ये होतं. या व्यापाराचे नियम जिनिव्हात ठरतात असं वाचलं. ते ठरवताना आमच्या बाजूने कोणी बसलेलं असतं का? की सरकारं आणि कंपन्याच आपसात ठरवून मोकळ्या होतात?
— एक वाचक, बजाजनगर (वाळूज), छत्रपती संभाजीनगर

उत्तर : असतं, पण प्रत्येक दारातून त्याला आत घेतलं जात नाही. जिथे घेतलं तिथे नियमांत फरक पडलेला दिसतो, म्हणून तुमचा प्रश्न मोलाचा आहे.

तुमच्या व्हर्नियरची गोष्ट पंचवीस वर्षांहून जुनी आहे. इंटरनेटवरची खरेदी नुकती रांगायला लागली होती, तेव्हा म्हणजे १९९९ साली, कन्झ्युमर्स इंटरनॅशनल या ग्राहक संस्थांच्या जागतिक महासंघाने एक साधा प्रयोग केला. वेगवेगळ्या देशांतल्या ग्राहक संस्थांनी परदेशी संकेतस्थळांवरून खरोखर वस्तू मागवल्या आणि मग त्या परत केल्या. काही वस्तू आल्याच नाहीत. काही परत पाठवल्या तरी पैसे मिळाले नाहीत. परतीच्या अटी कुठे लिहिल्यात, हेही कित्येक ठिकाणी सापडेना. त्याच सुमाराला पॅरिसमध्ये ओईसीडी ही विकसित देशांची संघटना ई-कॉमर्समधल्या ग्राहक संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं लिहीत होती आणि त्या चर्चेत सरकारं व उद्योग यांच्याबरोबर ग्राहक संघटनांचे प्रतिनिधीही होते. डिसेंबर १९९९ मध्ये ती तत्त्वं आली. विक्रेत्याने आपलं नाव, पत्ता, एकूण किंमत आणि परतीच्या अटी खरेदीआधीच सांगाव्यात, ही आज आपल्याला साधी वाटणारी अपेक्षा त्यांत आहे.

संयुक्त राष्ट्रसंघाचं दार उघडायला मात्र बरीच वर्षं लागली होती. ग्राहक संरक्षणाची राष्ट्रसंघाची मार्गदर्शक तत्त्वं ९ एप्रिल १९८५ रोजी मंजूर झाली. त्यांच्यामागे एस्थर पीटरसन या अमेरिकी कार्यकर्तीचा चिवट पाठपुरावा होता. अमेरिकेच्या दोन राष्ट्राध्यक्षांची ग्राहक सल्लागार राहिलेली ही बाई उतारवयात ग्राहक संस्थांच्या त्याच जागतिक महासंघाची प्रतिनिधी म्हणून राष्ट्रसंघात एकेका देशाच्या प्रतिनिधीला भेटत राहिली. त्या तत्त्वांची मोठी सुधारणा डिसेंबर २०१५ मध्ये झाली आणि तेव्हा ई-कॉमर्सचा स्वतंत्र भाग त्यांत आला. त्यातलं एक वाक्य तुमच्यासाठीच लिहिल्यासारखं आहे : ऑनलाइन खरेदी करणाऱ्याला मिळणारं संरक्षण इतर प्रकारच्या व्यापारात मिळतं त्याहून कमी असता कामा नये. म्हणजे गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात व्हर्नियर घेतल्यावर तुमचे जे हक्क असतात, ते मोबाइलवर घेतला म्हणून आटत नाहीत. याच सुधारणेतून जिनिव्हात अंक्टाड या राष्ट्रसंघाच्या व्यापारविषयक संस्थेत ग्राहक कायदा व धोरणावरचा आंतरसरकारी तज्ज्ञ गट उभा राहिला. २०१६ पासून तो भरतो. निर्णय सरकारांचे असतात, पण ग्राहक संस्थांना तिथे बसता आणि बोलता येतं. मुंबई ग्राहक पंचायतीचे प्रतिनिधीही तिथे गेले आहेत.

हा आपल्या मातीशी जोडणारा धागा आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, पुढच्याच वर्षी मुंबईत ग्राहक पंचायत उभी राहिली. सुरुवात अगदी घरगुती होती. कुटुंबांनी एकत्र येऊन धान्य, किराणा घाऊक आणायचा आणि आपसात वाटून घ्यायचा. तांदळात खडे किती, मापात घट किती, हे हातांनी पाहिलेली ही माणसं. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा यावा म्हणून ज्यांनी पाठपुरावा केला, त्यांत ती आघाडीवर होती. ग्राहकांच्या बाजूचा जाणकार कोण, असं कोणी विचारलं तर मी अशांकडे बोट दाखवीन. मोठी पदवी असेल तर उत्तमच, पण शेकडो तक्रारी वाचून कुठली अट नेमकी कुठे बोचते हे ज्याला कळतं, तो खरा जाणकार.

आता तुमच्या अटींमधल्या त्या 'आमच्याच शहरातल्या न्यायालयात' या ओळीकडे येऊ. इंटरनेटच्या व्यापारातलं हे सर्वांत जुनं भांडण आहे. विक्रेत्याच्या देशाचा कायदा लागू व्हावा, असा उद्योगांचा आग्रह. ग्राहकाच्या घरचा कायदा आणि घरचं न्यायालय हवं, असा ग्राहक संघटनांचा. आपल्या १९८६ च्या कायद्यात तक्रार कुठे करायची हे मुख्यतः समोरच्याचा पत्ता, त्याची शाखा किंवा व्यवहार घडल्याची जागा यावर ठरे. बजाजनगरच्या माणसाचे पहिले काही महिने 'हे प्रकरण इथे चालतं का' या वादातच जायचे. २०१९ च्या नव्या कायद्याने हे बदललं. तुम्ही जिथे राहता किंवा जिथे पोटापाण्याचं काम करता, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. हा कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. तीनच दिवसांनी ई-कॉमर्सचे नियम आले. भारतात नोंदणी नसली तरी इथल्या ग्राहकांना पद्धतशीरपणे माल विकणाऱ्या परदेशी विक्रेत्यालाही ते लागू आहेत. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात, असं बंधन त्यांत आहे. मालाचा मूळ देश दाखवणंही आवश्यक आहे.

एक कमतरता स्पष्ट सांगायला हवी. संभाजीनगरच्या आयोगाचा आदेश मिळणं आणि परदेशातल्या, इथे कार्यालयच नसलेल्या विक्रेत्याकडून पैसे वसूल होणं यांत मोठं अंतर आहे. देशादेशांच्या यंत्रणांनी एकमेकांना माहिती देणं, एकमेकांचे आदेश मानणं, यासाठी करार लागतात. आणि नेमक्या या करारांच्या दारात ग्राहकांचा माणूस कमी दिसतो.

जागतिक व्यापार संघटनेत ई-कॉमर्सचा कार्यक्रम १९९८ मध्ये सुरू झाला. डिसेंबर २०१७ मध्ये ब्यूनस आयर्सला काही देशांनी वेगळा गट करून नियमांची तयारी सुरू केली. भारत त्यात गेला नाही. त्या गटाचा मसुदा जुलै २०२४ मध्ये बाहेर आला. फसव्या व्यवहारांविरुद्ध ग्राहक संरक्षणाचं कलम त्यात आहे, पण वाटाघाटी बंद दाराआड झाल्या. भारताने बाहेर राहावं की आत जावं, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. माझं मत इतकंच की आत असा की बाहेर, आपल्या शिष्टमंडळाने निघण्याआधी ग्राहक संस्थांना बोलावून मसुद्याची ओळ न् ओळ त्यांच्यापुढे ठेवली पाहिजे. व्यापार करारांत 'ग्राहकांना संरक्षण देतील' आणि 'संरक्षण देण्याचा प्रयत्न करतील' यांत एका क्रियापदाचा फरक असतो. जकातीचा तज्ज्ञ तिथे थांबणार नाही, कारण त्याचं लक्ष दरांवर असतं. तक्रारी हाताळलेला माणूस तिथेच थांबेल.

देशात हे करता येतं, हे आपण पाहिलंय. संकेतस्थळांवरच्या फसव्या मांडणीबद्दल केंद्र सरकारने २०२३ मध्ये जो कार्यगट नेमला, त्यात कंपन्या आणि कायदा विद्यापीठांबरोबर स्वयंसेवी ग्राहक संस्थाही होत्या. मसुदा सप्टेंबरमध्ये लोकांपुढे ठेवला, ५ ऑक्टोबरपर्यंत हरकती घेतल्या आणि ३० नोव्हेंबरला नियमावली आली. तीत तेरा लबाड्या नावानिशी लिहिल्यात. 'शेवटचे दोनच नग शिल्लक' अशी खोटी घाई लावणं, न विचारता टोपलीत विमा किंवा देणगी सरकवणं, शेवटच्या पानावर किंमत वाढवणं. हे बारकावे ज्याने बिलं आणि स्क्रीनशॉट पाहिलेत त्यालाच सुचतात. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये काढलेलं आयएस १९००० हे मानकही ग्राहक संस्थांना बरोबर घेऊन झालं. २०२३ च्या त्या ऑक्टोबरात, फसव्या मांडणीच्या मसुद्यावर, बजाजनगरमधून कोणी दोन ओळींचा ईमेल धाडला असता, तर तोही वाचला जायला हवा होता.

आणि हा मार्ग खालूनही चढता येतो. कायद्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात ग्राहक संरक्षण परिषद असायला हवी. जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात आणि वर्षाला किमान दोन बैठका व्हायला हव्यात. वाळूजसारख्या पट्ट्यात, जिथे १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना आला आणि भोवती शेकडो छोटी वर्कशॉप वाढली, तिथे इन्सर्ट, बेअरिंग, मोजमापाची साधनं ऑनलाइन मागवणारे तुमच्यासारखे कितीतरी असतील. या मालाच्या तक्रारी परिषदेपुढे एकत्र ठेवल्या, तर त्या राज्य आणि केंद्राच्या परिषदेपर्यंत नेता येतात. आपल्याकडे अशा तक्रारी चहाच्या टपरीवर सांगितल्या जातात आणि तिथेच राहतात. मला याची मनापासून खंत वाटते.

तुमच्या प्रकरणात एक गोष्ट जपा. व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूवर ग्राहक आयोगात तक्रार चालत नाही. मात्र स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू याला अपवाद आहे. एका लेथवर स्वतः उभं राहणारा माणूस या अपवादात बसू शकतो. म्हणून तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा की व्हर्नियर तुम्ही स्वतः वापरता आणि हेच तुमचं उपजीविकेचं साधन आहे.

कार्डाचं म्हणाल, तर परदेशी संकेतस्थळांवर ओटीपीशिवाय पैसे कापले जाण्याचे प्रकार होतात. लगेच बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर बंद करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे ती कळ आता ग्राहकाच्याच हातात आहे. वस्तू सदोष निघाली म्हणून झालेल्या व्यवहारावर हरकत घ्यायची असेल, तर तीही बँकेकडेच लेखी द्या. तिथल्या मुदती लहान असतात, तेव्हा उद्यावर टाकू नका.

व्हर्नियर फेकू नका. स्लिप गेजवर ठेवून आकडा दिसेल असे दोनचार फोटो काढा. जाहिरात, अटींचं पान, 'स्वखर्चाने पाठवा' हे उत्तर आणि पार्सलवरचं लेबल जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मराठीतून बोलता येतं. आयोगातली तक्रार आता ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. तुमचं पार्सल मागच्या वर्षी आलं, तेव्हा तारीख आजच पाहून घ्या.