तू वेडी झालेली नाहीस

चि. सोनूस,


पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवते आहे. वाचून तिथेच खणात ठेव, आनेकलच्या घरी नेऊ नकोस.

फोनवर तू पुन्हापुन्हा एकच म्हणत होतीस, "मावशी, तो काही रोज हात उगारत नाही गं. मीच फार मनाला लावून घेते का?" पगाराचं कार्ड नवऱ्याकडे, मोबाईल तो रोज तपासणार, आईशी बोलायचं ते स्पीकर लावून, आणि चार माणसांत 'हिला काही कळत नाही' हे ठरलेलं. काल घडलेली गोष्ट तो आज घडलीच नाही म्हणतो आणि मग तुझाही स्वतःवरचा विश्वास उडतो. बाळ, यात तुझ्या स्वभावाचा दोष नाही. घरात सतत सावध राहावं लागलं की माणूस आतून थकतो. त्याच्या गाडीचा आवाज आला की पोटात गोळा येणं, अपरात्री जाग येणं, भाजी कोणती करावी हेसुद्धा न ठरवता येणं, हे सगळं छळातून येतं. जोडीदाराकडून हिंसा सोसलेल्या बायकांमध्ये नैराश्याचं प्रमाण जवळजवळ दुप्पट आढळतं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये नोंदवलं आहे.

मग तो रडतो, माफी मागतो, फिरायला नेतो आणि काही दिवस बरे जातात. लेनोर वॉकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७९ मध्येच हा फेरा मांडला होता: आधी ताण, मग भडका, मग गोडवा. तो गोडवा खोटाच असतो असं मी म्हणणार नाही. पण तुझा पाय त्यातच अडकतो.

तुझी आई म्हणते, थोडं सोस. तिच्यावर रागावू नकोस, आपल्याकडे मुलींना सासरी पाठवतानाच 'दिल्या घरी सुखी राहा' म्हणतात. पण तिचं ऐकूही नकोस. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तुमच्या कर्नाटकातल्या विवाहित स्त्रियांपैकी ४४ टक्क्यांहून अधिक जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. तुझ्या इमारतीतही तुझ्यासारख्या असतील, आणि त्याही गप्पच असतील.

आता कायद्याचं. इतकी वर्षं वकिली केली, तर निदान तुझ्या उपयोगी पडू दे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा मारहाणीपुरता नाही. अपमान, टोमणे, धमक्या आणि पैसा अडवून धरणं, हेही त्यात हिंसाच आहे. मानसिक छळाची भरपाईसुद्धा मागता येते. आनेकलच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तू अर्ज करू शकतेस. पण कोल्हापूरला माझ्याकडे येऊन राहिलीस तर इथेही करू शकतेस, कारण तात्पुरत्या वास्तव्याचं ठिकाणही या कायद्याला चालतं. कन्नड येत नाही म्हणून अडून बसू नकोस. फ्लॅट सासूबाईंच्या नावावर आहे म्हणून तुला बाहेर काढता येईल, ही भीतीही सोड. सतीश आहुजा खटल्यात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सासरच्या माणसांच्या मालकीचं घरसुद्धा नवराबायकोचं सामायिक घर ठरू शकतं आणि तिथे राहायचा हक्क बाईला मागता येतो, असं सांगितलं.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो २०१९ चा रूपाली देवी खटल्याचा निकाल. सासरी छळ झाला आणि बाई माहेरी आली, तरी तिच्या मनावरचे परिणाम माहेरीही चालूच राहतात, म्हणून तेव्हाच्या भारतीय दंड संहितेतल्या ४९८-अ कलमाखालची छळाची तक्रार तिथेही करता येते, असं न्यायालयानं मानलं. मनाची जखम बाईबरोबर प्रवास करते, हे न्यायाधीशांना पटलं आहे. तू ते स्वतःपाशी का नाकारतेस?

कौटुंबिक हिंसाचार कायदा म्हणतो, साठ दिवसांत अर्ज निकाली काढायचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात फार वेळ लागतो, हे आधीच सांगून ठेवते. पण अंतरिम आदेश लवकर मागता येतो, आणि संरक्षणाचा आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. बाईला सरकारी खर्चानं वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. त्यासाठी १५१०० वर फोन कर.

डॉक्टरकडे गेले तर वेडी ठरवून मुलाला हिरावून घेतील, असं तू म्हणालीस. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं तुझी माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क तुला दिला आहे. निम्हान्स हे मानसिक आजारांचं सरकारी रुग्णालय तुमच्याच होसूर रस्त्यावर आहे. तिथे जायचं धैर्य होत नसेल तर १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीला आधी फोन कर.

त्याला 'केस करीन' अशी धमकी मुळीच देऊ नकोस. बाई निघायच्या बेतात असते तेव्हाच धोका सर्वांत जास्त असतो. काय घडलं ते तारखेसह कागदावर लिहून खणात ठेवत जा, मोबाईलमध्ये नको. लग्नाचा दाखला, बाळाचा जन्मदाखला, पगाराच्या स्लिपा यांच्या प्रती मला टपालानं पाठव. त्याचा हात उठला तर आधी ११२ वर पोलिसांना फोन, मग डॉक्टर, आणि डॉक्टरला खरं कारण सांग.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत मैत्रिणीच्या फोनवरून बोल. गाडीचं तिकीट मी काढून ठेवते. यायचं की तिथेच राहून अर्ज करायचा, ते तू ठरव.

तुझी,
मावशी