फोर्कलिफ्टचा अपघात : उपचार आणि हक्क

औद्योगिक वसाहतीतल्या गोदामांत हमालांच्या पाठीवरचे बरेचसे ओझे आता फोर्कलिफ्टने घेतले आहे. पाठ वाचली, पण पाय सापडू लागले. तीन टन माल उचलणारी ही गाडी स्वतःच चार टनांच्या पुढे भरते. शिवाय ती मागच्या चाकांवर वळते. त्यामुळे वळताना तिचा मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि शेजारून चालणाऱ्याला त्याचा अंदाज येत नाही. माझ्याकडे येणाऱ्यांत पावलावरून चाक गेलेले, गाडी आणि भिंत यांच्यात चेपलेले आणि काट्यांवरचा माल अंगावर पडलेले असे तीन प्रकारचे जखमी प्रामुख्याने असतात.

चेपलेला पाय फसवा असतो

वरून कातडी शाबूत आहे, एक्स-रेमध्ये हाड मोडलेले नाही, म्हणून निश्चिंत राहू नये. चेपलेले स्नायू आतून सुजतात. त्यांच्याभोवतीचे आवरण ताणत नाही, त्यामुळे आत दाब वाढून रक्तपुरवठा बंद पडतो. सुमारे सहा तासांत स्नायू कायमचे निकामी होऊ शकतात. दुखणे कमी होण्याऐवजी वाढत जाणे, पाय दगडासारखा घट्ट लागणे, बोटे हलवताच कळ येणे, मुंग्या येणे किंवा बधिर होणे ही धोक्याची लक्षणे आहेत. अशा वेळी वेळीच शस्त्रक्रिया झाली तर पाय वाचतो. लघवी काळसर झाली तर मूत्रपिंडाला धोका आहे असे समजून तातडीने रुग्णालय गाठावे.

पाय चोळू नये, लेप लावू नये, घट्ट पट्टी बांधू नये. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरावे आणि १०८ वर फोन करावा. तुटलेले बोट ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावे आणि ती पिशवी बर्फात ठेवावी. बोटाला थेट बर्फ लावू नये.

केसपेपरवर खरे लिहून घ्या

जखमीबरोबर आलेला माणूस पुष्कळदा म्हणतो, "डॉक्टरसाहेब, घरी पडला असं लिहा, बिल आम्ही देतो." जखमीही नोकरीच्या भीतीने मान डोलावतो. मी तसे लिहीत नाही, आणि तुम्हीही कोणाला लिहू देऊ नका. पहिल्या दिवशीचा केसपेपर हाच पुढे मोठा पुरावा ठरतो. अपघात कुठे, किती वाजता, कोणते काम करताना झाला, हे त्यावर आलेच पाहिजे.

या एका ओळीची किंमत पाहा. ३० वर्षांच्या, महिना १२,००० रुपये मिळवणाऱ्या कामगाराचा पायाचा अंगठा मुळापासून गेला, तर कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे कमाईची शक्ती १४ टक्के घटली असे धरतात. वेतनाचे ६० टक्के, म्हणजे ७,२००, गुणिले वयाचा गुणांक २०७.९८, आणि त्याचे १४ टक्के. ही भरपाई सुमारे २ लाख ९ हजार रुपये होते. उपचाराचा खर्च मालकाने द्यायचा तो वेगळाच. "घरी पडला" म्हटले की हे सगळे धोक्यात येते.

कामगार विमा योजनेत (ईएसआय) नाव असेल तर भरपाई मालकाऐवजी त्या योजनेतून मिळते. उपचार मोफत होतात, कामावर जाता येत नाही त्या काळात सरासरी वेतनाच्या ९० टक्के रक्कम मिळते आणि कायमचे अपंगत्व आल्यास दरमहा पैसे मिळतात. नोकरी नवीन असली तरी हा हक्क असतो.

"चूक माझीच होती, मग कसली भरपाई?" असे अनेकजण विचारतात. भरपाईसाठी मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. दारूच्या नशेत असणे, सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडणे अशा कारणांनी मालक भरपाई नाकारू शकतो, पण मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर तेही कारण चालत नाही. ठेकेदाराकडचा कामगार मूळ कारखान्याकडेही मागणी करू शकतो. १९२३ च्या भरपाई कायद्यातले हे हक्क २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत आले आहेत.

एवढे करा

१) अपघाताची नोंद कारखान्याच्या नोंदवहीत झाल्याची खात्री करा आणि लेखी सूचना देऊन पोच घ्या.
२) साक्षीदारांची नावे लिहून ठेवा.
३) एक्स-रे, पावत्या, डिस्चार्ज कार्ड, पगाराची पावती, हजेरी कार्ड जपून ठेवा.
४) कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका.
५) दावा दोन वर्षांच्या आत दाखल करा.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. औद्योगिक कामगाराला तेथे मोफत वकील मिळू शकतो.

घरातला कोणी गोदामात कामाला असेल तर हे कात्रण त्याच्या डब्याच्या पिशवीत ठेवा.