तिरका फटका

अलिबाग

चि. बाळ,

तुझे पत्र पावले. प्रतिपक्ष्याने बॅकहँडच्या कोपऱ्यात ओढले की तू तेथूनच रेषेलगत सरळ फटका मारण्याचे साहस करतोस आणि चेंडू बहुधा जाळ्यात अडतो किंवा बाहेर जातो, हे वाचून माझी खात्री झाली की उणीव तुझ्या मनगटात नसून निवडीत आहे. कारण हौशी टेनिसपटूंच्या खेळात गुण पराक्रमाने मिळतात त्याहून अधिक समोरच्याच्या चुकीने पदरात पडतात.

कोर्टाचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहा. जाळे मध्यभागी ३ फूट आणि खांबांपाशी साडेतीन फूट उंच असते. एकेरीचे कोर्ट ७८ फूट लांब व २७ फूट रुंद असल्याने त्याचा कर्ण सुमारे साडेब्याऐंशी फूट भरतो. म्हणजे तिरका चेंडू जाळ्याच्या सखल भागावरून जातो, त्यास उतरावयास जमीन जादा मिळते, आणि फटक्यानंतर तुला योग्य जागी परतण्यास पावलेही थोडी टाकावी लागतात. सरळ फटक्यात या तिन्ही सवलतींवर तू पाणी सोडतोस, शिवाय तिरक्या आलेल्या चेंडूची दिशा पालटण्याची जोखीम पत्करतोस ती निराळीच. म्हणून तिरक्यास तिरकाच परतव, जाळ्यावरून चांगला दोन हात उंच राखून. चेंडू आखूड पडला आणि तू कोर्टाच्या आत पाय रोवून उभा असलास, तरच सरळ रेषा धर. तोल गेला असता उंच लॉब देण्यात कमीपणा मुळीच नाही.

अशा निवडीचा दाखला म्हणजे आपले भारतीय टेनिसपटू रामनाथन कृष्णन. त्यांची सर्व्हिस फारशी जोरकस नव्हती. तरीही १९६० व १९६१ अशी लागोपाठ दोन वर्षे ते विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत पोहोचले, आणि रॉय एमर्सनसारख्या बलदंड खेळाडूस त्यांनी सरळ सेटांत नमविले, ते चेंडू कोठे टाकावा याच्या विवेकावर.

आपल्या किनाऱ्यावर मात्र आणखी एक गोष्ट ध्यानात धरावी लागते. दुपारी खारे वारे सुटले म्हणजे सर्व्हिसपूर्वी सुरूच्या शेंड्यांकडे नजर टाकीत जा. वारा तोंडावर असेल तर चेंडू निःशंक उंच व खोल मार, तो तुझ्या कल्पनेहून अलीकडेच पडेल. पाठीवर असेल तर बेसलाइनच्या बऱ्याच आत नेम धर आणि लॉबचा मोह आवर. पहाटेचे मतलई वारे या खाऱ्या वाऱ्यांच्या उलट दिशेने वाहतात, तेव्हा सकाळचा अंदाज संध्याकाळी चालवू नकोस.

सुट्टीत आलास की वारा असतानाच कोर्टावर जाऊ. मी तुला तिरकेच चेंडू देईन, आणि आखूड चेंडू येईपर्यंत तू सरळ मारावयाचे नाही, ही अट राहील.

तुझा,
मामा