शिष्यवृत्ती : नाव की पूल?



आपल्या होस्टेलमध्ये एक प्रश्न नेहमी हळू आवाजात विचारला जातो, "तुला जीओआय मिळते का?" जीओआय म्हणजे गव्हर्नमेंट ऑफ इंडियाची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. कुणाला गोल्ड मेडल मिळालं तर आपण पेढे मागतो, पण शिष्यवृत्ती जमा झाली तर ती गोष्ट फक्त बँकेच्या पासबुकाला माहीत असते. जणू काही एक मान आहे आणि दुसरी भीक!

हा समज कितपत खरा आहे, हे शिष्यवृत्तीचा इतिहास पाहिला की कळतं. म्हणून या लेखात आधी अमेरिकेतल्या काळ्या विद्यार्थ्यांच्या कॉलेजांची गोष्ट सांगणार आहे, मग बडोदा, कोल्हापूर, साताऱ्यावरून आपल्या गोंदियात येणार आहे. प्रवास लांबचा आहे, पण सगळीकडे प्रश्न एकच आहे : शिकायची इच्छा आहे, पैसा नाही आणि दार बंद आहे, तर करायचं काय?

विटा, गाणी आणि एक फंड

अमेरिकेत १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. पण दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या मुलांना गोऱ्यांच्या कॉलेजात प्रवेश नव्हता. त्यामुळे त्यांच्यासाठी वेगळी कॉलेजं निघाली. १८६६ मध्ये नॅशव्हिलला फिस्क, १८६७ मध्ये वॉशिंग्टन शहरात हॉवर्ड, १८८१ मध्ये अलाबामा राज्यात टस्कीगी. आज अशी सुमारे शंभर कॉलेजं आणि विद्यापीठं आहेत. त्या लढ्याची बातमी आपल्याकडे तेव्हाच पोचली होती. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपलं 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांनाच अर्पण केलं होतं.

या कॉलेजांकडे पैसा कुठून येणार? टस्कीगीचे प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन स्वतः गुलामगिरीत जन्मलेले. तिथल्या विद्यार्थ्यांनी स्वतः विटा पाडल्या, भट्टी लावली आणि आपल्याच इमारती उभ्या केल्या. (सिव्हिलवाल्यांनी नोंद घ्यावी, याला म्हणतात प्रॅक्टिकल!) फिस्क तर कर्जात बुडालं होतं. १८७१ मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांचं एक गायकपथक गावोगाव गाण्याचे कार्यक्रम करत फिरलं. त्या पैशातून उभा राहिलेला ज्युबिली हॉल १८७६ पासून आजही उभा आहे.

पुढे श्रीमंत दातेही आले. शिकागोचे व्यापारी ज्यूलियस रोझेनवाल्ड यांनी १९१२ पासून वॉशिंग्टन यांच्या सल्ल्याने खेड्यापाड्यांत काळ्या मुलांसाठी शाळा बांधायला मदत केली. १९३२ पर्यंत अशा सुमारे पाच हजार शाळा झाल्या. पण त्यांची एक अट होती : गावाने आपला वाटा उचलला पाहिजे. कुणी पैसे दिले, कुणी जमीन दिली, कुणी अंगमेहनत केली. त्यामुळे ती शाळा रोझेनवाल्डची न राहता गावाची झाली.

तरीही कॉलेजांची एक अडचण राहिलीच. प्रत्येक कॉलेजचा प्रमुख वेगवेगळा त्याच त्याच दात्यांच्या दारात जायचा. १९४३ मध्ये टस्कीगीचे तेव्हाचे अध्यक्ष फ्रेडरिक पॅटरसन यांनी वर्तमानपत्रात लिहिलं की आपण सगळे मिळून एकच फंड काढू. २५ एप्रिल १९४४ रोजी २७ कॉलेजांनी मिळून युनायटेड निग्रो कॉलेज फंड स्थापन केला. पहिल्याच वर्षी साडेसात लाख डॉलरहून जास्त रक्कम जमली, त्यात सामान्य माणसांच्या लहान देणग्याही होत्या. हा फंड आजही विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देतो.

अलीकडच्या दोन बातम्या या संदर्भात पाहण्यासारख्या आहेत. २०१९ मध्ये अटलांटाच्या मोरहाऊस कॉलेजच्या पदवीदान समारंभात उद्योगपती रॉबर्ट स्मिथ यांनी त्या वर्षी पास होणाऱ्या सुमारे ४०० विद्यार्थ्यांचं सगळं शैक्षणिक कर्ज आपण फेडणार असं जाहीर केलं. २०२० मध्ये मॅकेन्झी स्कॉट यांनी अशा अनेक कॉलेजांना थेट देणग्या दिल्या, एकट्या हॉवर्डला ४ कोटी डॉलर. दोन्ही देणग्या मोठ्याच. पण पहिलीने एका वर्षाची बॅच पार झाली. त्याच कॉलेजात एक वर्ष मागे असलेल्या मुलाचं काय? दुसरी देणगी संस्थेच्या हाती गेली, तिचा उपयोग पुढच्या बॅचलाही होऊ शकतो. पहिली म्हणजे नाव, एका खेपेत बसतील तेवढेच पलीकडे जातात. दुसरी म्हणजे पूल. वैनगंगेवर पूल नव्हते तेव्हा पुराच्या दिवसांत काय व्हायचं, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, म्हणजे फरक लगेच कळेल.

साडेअकरा पौंड

आता आपल्याकडे येऊ. आपल्या देशातली सगळ्यात प्रसिद्ध शिष्यवृत्ती कोणती असं विचारलं तर मी बडोद्याची म्हणेन. भीमराव आंबेडकर १९०७ मध्ये मॅट्रिक झाले. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांच्यासाठी महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला आणि कॉलेजसाठी महिना २५ रुपये मिळू लागले. १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी बडोदा संस्थानने त्यांना महिना साडेअकरा पौंड अशी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. बदल्यात दहा वर्षं संस्थानची नोकरी करायचा करार होता.

या शिष्यवृत्तीमुळे ते १९१५ मध्ये एम.ए. झाले, १९१६ मध्ये लंडनला गेले. पण १९१७ मध्ये मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून परत यावं लागलं. कराराप्रमाणे ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. कोलंबियाचं शिक्षण घेऊन आलेल्या या माणसाला त्या शहरात राहायला खोली मिळाली नाही. म्हणजे शिष्यवृत्ती फी भरते, पण समाजाची अक्कल भरून देत नाही.

मग त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसरकी केली, काटकसर करून पैसे साठवले, छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि पारशी मित्र नवल भथेना यांचे उसने पैसे घेऊन १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं. १९२३ मध्ये डी.एस्सी. पूर्ण झाली. एका राजाची शिष्यवृत्ती, दुसऱ्या राजाची मदत, एका मित्राचे उसने पैसे आणि स्वतःचा पगार, एवढं सगळं जमलं तेव्हा एक विद्यार्थी पार झाला. यात मला बाबासाहेबांची हिंमत दिसतेच, पण हेही दिसतं की प्रत्येकाला केळुसकर गुरुजी आणि भथेना भेटतीलच असं नाही.

बोर्डिंगमधून उभे राहिलेले

शाहू महाराजांना हे आधीच उमगलं होतं. त्यांनी एकेका मुलाला मदत केलीच, पण त्याहून मोठं काम म्हणजे कोल्हापुरातली बोर्डिंगं. १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं, मग इतर जातिधर्मांच्या मुलांसाठी एकामागून एक वसतिगृहं निघाली. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघालं. खेड्यातल्या मुलाची खरी अडचण फी ही नसते, शहरात रात्री झोपायचं कुठे आणि सकाळी खायचं काय ही असते. हे आपल्या होस्टेलवाल्यांना वेगळं सांगायला नको!

साताऱ्याकडे भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहतील, एका पंगतीला जेवतील असं वसतिगृह सुरू केलं. मुलांना जेवू घालायला पैसे नव्हते तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. 'कमवा आणि शिका' ही योजना तिथलीच. टस्कीगीच्या विटा आणि रयतची शेती यांत मला फारसा फरक दिसत नाही. दोन्हीकडे विद्यार्थी नुसता हात पसरणारा नव्हता, त्याचा हात कामालाही लागलेला होता.

१९४४ : दोन देश, एकच वर्ष

हा लेख लिहिताना तारखा मांडत होते, तेव्हा एक योगायोग सापडला. ज्या १९४४ मध्ये अमेरिकेत तो सामाईक फंड निघाला, त्याच वर्षी भारत सरकारने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू केली. तेव्हा डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. आपली जीओआय म्हणजे हीच. ती कुणा एका राजाच्या मर्जीवर अवलंबून नाही, ती सरकारी तिजोरीतून, म्हणजे काडेपेटी विकत घेणाऱ्या माणसाच्याही करातून येते. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने या योजनेसाठी पाच वर्षांचा सुमारे ५९ हजार कोटी रुपयांचा आराखडा मंजूर केला, ६० टक्के केंद्राचे आणि ४० टक्के राज्यांचे.

बाबासाहेब एवढ्यावर थांबले नाहीत. ८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, १९५० मध्ये औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) कॉलेज सुरू झालं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आलं. १९४६ मध्येच त्यांनी अमेरिकेतले काळ्यांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहिलं आणि त्यांचं उत्तरही आलं. दु बॉइस हे फिस्कचे पदवीधर! पुढे अमेरिकेत शिकून आलेल्या डॉ. म. ना. वानखडे यांनी मराठी तरुण लेखकांना काळ्या लेखकांच्या साहित्याची ओळख करून दिली.

ज्याला साडेअकरा पौंडांची नाव मिळाली होती, त्याने परत येऊन पूल बांधला. माझ्या मते शिष्यवृत्तीची खरी परतफेड हीच.

आपल्या जिल्ह्यात

१९५४ मध्ये बाबासाहेब भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता, वेगळा जिल्हा १ मे १९९९ ला झाला. आपल्या भागाने त्यांना मत दिलं नाही, पण त्यांच्या काळात सुरू झालेल्या शिष्यवृत्तीचा फॉर्म आपण दरवर्षी भरतो. इतिहासाचा हा चिमटा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

गोंदियात १९५८ मध्ये मनोहरभाई पटेल यांनी गोंदिया एज्युकेशन सोसायटी काढली. बिडीच्या धंद्यातला हा माणूस, स्वतःचं शालेय शिक्षण फारसं झालेलं नव्हतं. त्यांच्या जयंतीला गुणवंतांना सुवर्णपदकं दिली जातात, ते छानच आहे. पण पदक पहिल्या आलेल्याला मिळतं आणि कॉलेज पस्तीस टक्केवाल्यालाही. म्हणून माझ्या हिशोबाने त्यांची मोठी देणगी म्हणजे कॉलेज.

आता दुसरी बाजू. ती बिडी वळते कोण? आपल्याच गावांतल्या आया आणि मावश्या, तेंदूपत्ता कापत, सूप मांडीवर घेऊन. १९७६ च्या कायद्याने बिडीवर उपकर बसवला आणि त्यातून बिडी कामगार कल्याण निधी उभा राहिला. त्यातून दवाखाने, घरकुलं आणि मुलांना शिष्यवृत्ती. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर तो उपकर गेला, पण शिष्यवृत्तीची योजना केंद्राच्या कामगार मंत्रालयाने चालू ठेवली. ज्यांच्या आईकडे बिडी कामगाराचं ओळखपत्र आहे त्यांनी नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर जरूर बघावं. आणि हे पैसे घेताना मान खाली घालायचं काय कारण? हजार बिड्या वळणाऱ्या बोटांनीच तो निधी कमावलेला आहे.

मग आपण काय करायचं?

शिष्यवृत्ती मंजूर होणं आणि हातात पडणं यात बरेच महिने जातात. उत्पन्नाचा दाखला, कास्ट व्हॅलिडिटी, महाडीबीटीचा फॉर्म, आधारशी जोडलेलं खातं, यातलं एक अडलं की सगळं अडतं. परीक्षा फॉर्मची शेवटची तारीख मात्र थांबत नाही. त्या दोन-तीन हजारांसाठी घरी भात पडत्या भावाने विकावा लागतो, नाहीतर पोरगा "पुढच्या वर्षी बसतो" म्हणून बॅग भरतो. अशी गेलेली मुलं बहुतेक परत येत नाहीत.

यावर एक साधं गणित मांडते. समजा फायनल इयरच्या १०० जणांनी जाताना कॉशन मनीतले फक्त २०० रुपये सोडले. झाले २०,००० रुपये. एका परीक्षेचा फॉर्म २,००० धरला तर हे पैसे नुसते वाटून टाकल्यावर १० जणांचं काम होईल आणि पेटी रिकामी. पण हेच पैसे बिनव्याजी उसने दिले आणि शिष्यवृत्ती जमा झाल्यावर परत घेतले, तर वर्षात दोन सेमिस्टर धरून २० फॉर्म भरले जातील आणि पाच वर्षांत १००, त्याच २०,००० रुपयांत. थोडे बुडतील हे धरून चाला, पण दरवर्षी नवीन बॅच भर घालेलच. आपल्या लॅबमध्ये फ्लायव्हील असतं ना, तसंच. एकदा फिरवलं की थोड्या धक्क्यावर फिरत राहतं.

नियम तीनच असावेत असं मला वाटतं. एक, हिशोब वॉर्डन सर किंवा मॅडम, ऑफिसमधलं कुणी आणि विद्यार्थ्यांचा एक प्रतिनिधी, तिघांनी मिळून ठेवावा. दोन, पैसे घेणाऱ्याचं नाव नोटीस बोर्डवर लागणार नाही, फोटो निघणार नाहीत, सत्कार होणार नाही. तीन, ज्याने घेतले त्याने नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून जमेल तेवढी भर टाकावी. सक्ती नाही, आठवण म्हणून.

फिस्कची मुलं गायली, टस्कीगीच्या मुलांनी विटा पाडल्या, लक्ष्मीबाईंनी दागिने दिले. आपल्याकडे कुणी एवढं मागत नाही. आपल्याला फक्त दोनशे रुपये सोडायचे आहेत, आणि पुढच्या सेमिस्टरचे फॉर्म सुटण्याआधी एक वही आणि एक पेटी आणायची आहे. वही मी आणते. पेटी कोण आणतंय?