लिनालूल नाकापुरतं ठेवा

सासूबाईंच्या लांबलेल्या आजारपणानंतर माझी झोप पार उडाली होती. रात्री दोनला जाग यायची आणि कूस बदलता बदलता उजाडायचं. त्याच सुमारास पुण्यातल्या एका प्रदर्शनात रोल-ऑनची छोटी बाटली मिळाली. लेबलवर गांजाचं पान, खाली ‘लिनालूल’ असं नाव. स्टॉलवरच्या मुलीने सांगितलं, गांजात मन शांत करणारं जे असतं तेच यात आहे, नशा मात्र नाही. झोपताना मानेला, कानांमागे, मनगटांना लावा. वास सुरेख होता आणि सुरुवातीला झोपही बरी लागू लागली. उन्हाळा सरत आला तशी मानेवर खाज सुटली, कानांमागची कातडी लाल होऊन सोलवटली, तिथून पाणी येऊ लागलं. घाम, गळ्यातली साखळी, नवा साबण, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. शेवटी त्वचारोगतज्ज्ञांनी पाठीवर पॅच टेस्ट केली आणि कारण सापडलं : हवा लागून बदललेलं लिनालूल.

लिनालूल हे सुवासिक टर्पीन वर्गातलं अल्कोहोल. गांजाच्या फुलोऱ्यात ते असतं, पण थोडंच. खरा साठा दुसरीकडे आहे. धन्याच्या तेलात जवळजवळ दोन तृतीयांश भाग लिनालूलच असतो आणि लॅव्हेंडरच्या तेलातही ते भरपूर सापडतं. बाजारातलं बरंचसं लिनालूल तर कारखान्यात तयार होतं. कुठूनही आलं तरी रेणू तोच, त्यामुळे लेबलवरच्या पानाने त्याच्या गुणात काही भर पडत नाही. गांजाची नशा त्यातल्या टीएचसी या घटकामुळे येते, लिनालूलमुळे नव्हे. म्हणून ‘नैसर्गिक लिनालूल हवं’ असं म्हणत कुणी गांजाकडे वळत असेल, तर त्याला मी हात धरून थांबवीन. झोपेचं सोडा, 1985च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार गांजाचा फुलोरा थोडासाही जवळ बाळगणं गुन्हा आहे. त्यासाठी तुरुंगवास होऊ शकतो.

मग लिनालूलचा गुण खोटा का? नाही, आणि हे मला ठासून सांगायचंय, कारण एकदा पोळलं की माणूस सगळंच थोतांड म्हणून मोकळा होतो. जपानमधल्या कागोशिमा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018मध्ये उंदरांना लिनालूलचा नुसता वास दिला. उंदरांची भीती कमी झाली, हालचाली मात्र अडखळल्या नाहीत. ज्यांची वासाची संवेदना नष्ट केली होती, त्या उंदरांवर काहीच परिणाम झाला नाही. पुढे फ्लुमाझेनिल दिल्यावर तो परिणाम थांबला. चिंतेवर देतात त्या बेंझोडायझेपिन गोळ्यांचा असर उतरवणारं हे औषध. म्हणजे मेंदूतल्या ज्या ठिकाणी या गोळ्या काम करतात, तिथेच या वासाचा परिणामही नाकावाटे पोहोचतो. उंदरावरून माणसाचं सगळं ठरत नाही, हे खरं. पण जर्मनीत लॅव्हेंडर तेलाची 80 मिलिग्रॅमची कॅप्सूल चिंतेच्या रुग्णांना देऊन पाहिली आहे. 2010च्या एका अभ्यासात सहा आठवड्यांनंतर तिचा गुण लोराझेपाम या बेंझोडायझेपिन गोळीच्या अर्ध्या मिलिग्रॅमइतका दिसला. ती मोजूनमापून बनवलेली औषधी कॅप्सूल आहे. बाटलीतले थेंब पाण्यात घालून पिणं हा त्याला पर्याय नव्हे, कृपा करून तसं करू नका.

त्रास होतो तो कातडीला. ताजं, शुद्ध लिनालूल सहसा ॲलर्जी करत नाही. ते हवेत राहिलं की प्राणवायूशी संयोग होऊन त्याचे हायड्रोपरॉक्साइड बनतात आणि कातडीला खवळवतात ते हे. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांनी ही साखळी उलगडून दाखवली. पुढे निरनिराळ्या देशांतल्या त्वचारोग दवाखान्यांत पॅच टेस्टसाठी आलेल्या रुग्णांना असं जुनं लिनालूल लावून पाहिलं, तेव्हा शंभरातल्या साधारण सहा-सात जणांची कातडी लाल झाली. माझी बाटली खिडकीपाशी, उन्हात असायची आणि तिची रोज उघडझाप होत होती. रोल-ऑनचा गोळा तर दर वेळी हवा आणि घाम आत ओढून घेतो. लेबलवर उघडल्यानंतर किती दिवस वापरावं, याचा एक शब्द नव्हता.

एकदा शरीराने ही ॲलर्जी धरली की ती बहुधा जन्मभर राहते, आणि मग खरी पंचाईत सुरू होते. लिनालूल साबणात असतं, शाम्पूत असतं, भांडी घासायच्या द्रवात आणि कपड्यांच्या कंडिशनरमध्येही असतं. युरोपमध्ये अंगावर राहणाऱ्या क्रीममध्ये ते 0.001 टक्क्याहून जास्त आणि धुऊन टाकायच्या वस्तूत 0.01 टक्क्याहून जास्त असेल, तर नाव छापावं लागतं. आपल्याकडच्याही बऱ्याच वेष्टनांवर घटकांच्या यादीत अगदी शेवटी ते दिसतं. भिंग घेऊन शोधा. धने-कोथिंबीर मला डॉक्टरांनी बंद करायला लावली नाही, मात्र चिडलेल्या कातडीवर धन्याचा लेप लावायचा नाही, असं बजावलं.

वास आवडत असेल तर घ्या, जरूर घ्या. रुमालावर एक थेंब टाकून तो उशीपासून थोडा दूर ठेवा. अंगाला लावायची गरजच नाही, कारण वासाचं काम नाकातून होतं. गडद काचेची सगळ्यात लहान बाटली घ्या, उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा, झाकण घट्ट लावून थंड जागी ठेवा, आणि वास उग्र किंवा आंबूस वाटला तर टाकून द्या. घरात दमेकरी असेल तर डिफ्यूझर लावू नका. मांजर असेल तरीही नको. तिचं यकृत असली तेलं नीट पचवू शकत नाही. झोपेच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि पुरळ आलंच, तर पॅच टेस्टच्या वेळी एक गोष्ट आवर्जून सांगा. सुगंधी द्रव्यांचं जे नेहमीचं मिश्रण पाठीवर लावतात, त्यात लिनालूल नसतं. शुद्ध लिनालूल लावलं तरी ॲलर्जी निसटू शकते. ‘हवेत ऑक्सिडाइझ झालेलं लिनालूल लावून बघाल का?’ असं स्पष्ट विचारा, आणि घरातली बाटली, साबण, शाम्पू वेष्टनांसकट पिशवीत घालून सोबत न्या. माझ्या तपासणीत पहिल्या फेरीत सगळं कोरं आलं होतं. बाटली दाखवल्यावर डॉक्टरांनी ही वेगळी पट्टी मागवली.