आईची कोलोनोस्कोपी आणि तुझी घालमेल

आईच्या कोलोनोस्कोपीची तारीख मिळाल्यापासून तुझा जीव थाऱ्यावर नाही, कळतंय गं मला. शौचातून रक्त जातंय, ते काकूंनी, म्हणजे तुझ्या आईने, ‘मूळव्याधच असेल’ म्हणत अंगावर काढलं. आपल्या घराघरांतल्या बायका हेच करतात. तू हट्टाने त्यांना पोटविकारतज्ज्ञांकडे नेलंस, फार चांगलं केलंस.

आता नीट ऐक. कोलोनोस्कोपीची दुर्बीण नुसती बघण्यापुरती नसते. त्या लवचीक नळीच्या टोकाला दिवा आणि कॅमेरा असतो, आणि आतून अवजारं सरकवायला बारीक वाट असते. आतड्याच्या अस्तरावर मशीसारखी वाढ, म्हणजे पॉलिप, दिसला तर डॉक्टर तारेचा फास मुळाशी आवळून बहुतेकदा तो तिथेच काढतात. १९६९मध्ये न्यूयॉर्कला हिरोमी शिन्या आणि विल्यम वुल्फ यांनी ही रीत सुरू केली. त्याआधी आत खोलवरच्या पॉलिपसाठी पोट उघडावं लागायचं. काही पॉलिपांचा पुढे कॅन्सर होतो, पण त्याला बहुधा कित्येक वर्षं लागतात. त्याआधीच काढला की तो धोका बहुतेक टळला, बघ.

खरं सांगू का, आतडं स्वच्छ नसेल तर कितीही निष्णात डॉक्टरांना काय दिसणार? ते काम तुझ्या स्वयंपाकघरातलं. आधीचे दोन-तीन दिवस चोथा बंद: भाकरी, पालेभाजी, पेरू, तीळ, शेंगदाणे नकोत. मऊ भात आणि गाळलेलं वरण दे. आदल्या दिवशी दवाखान्याच्या कागदाप्रमाणे कोरा चहा, शहाळ्याचं पाणी, गाळलेलं लिंबू सरबत. कोकम सरबत मात्र नको हं, लाल रंग आत रक्तासारखा भासतो. पोट साफ करायच्या पावडरीचं पाणी गार करून ठेव, म्हणजे घशाखाली उतरतं. शेवटी पिवळसर, नितळ पाणी पडायला लागलं की पोट तयार. रात्री संडासचा दिवा चालू ठेव.

रक्त पातळ करणाऱ्या, मधुमेहाच्या, लोहाच्या, सगळ्या गोळ्या पाकिटांसकट डॉक्टरांना आधीच दाखव. आपल्या मनाने एकही बंद करायची नाही. आणि संमतीपत्रावर सही होण्याआधी विचार, ‘पॉलिप निघाला तर त्याच वेळी काढणार का, खर्च किती वाढेल?’ असं विचारण्यात संकोच कसला?

गुंगीचं औषध देतात, त्यामुळे काकूंना फारसं जाणवणार नाही. नंतर पोट फुगल्यासारखं वाटेल, वारा सरला की बरं वाटतं. त्या दिवशी त्यांना एकटं सोडू नकोस. पोटात असह्य दुखलं, ताप आला किंवा पुष्कळ रक्त गेलं, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठ. पॉलिप तपासायला पाठवला म्हणून धसका घेऊ नकोस, काढलेला पॉलिप बहुधा पाठवतातच.

रिपोर्ट आला की पुढची तपासणी कधी, ते लिहून घे. पॉलिप मोठा किंवा जोखमीचा निघाला, तर तुझी स्वतःची तपासणी कितव्या वर्षी करायची, तेही त्याच भेटीत विचार. स्वतःला विसरायचं नाही, कळलं? चल, आधी गोळ्यांची पाकिटं गोळा कर.