शोक करणाऱ्यास काय सांगावें?

माहूरगडावर यात्रेकरू रेणुकामातेच्या केवळ मुखाचें दर्शन घेतात. त्याविषयीं अशी आख्यायिका आहे कीं, पिता जमदग्नींचे अंत्यसंस्कार परशुरामानें माहुरास केले व रेणुकामाता सती गेली. मातेच्या वियोगानें तो विलाप करूं लागला, तेव्हां "माता भूमींतून प्रकट होईल, मात्र मागें पाहूं नकोस" असें त्यास सांगण्यांत आलें. पण त्यास धीर धरवला नाहीं. त्यानें मागें पाहिलें, आणि मातेचें मुख तेवढें भूमीवर आलें.

एवढा पराक्रमी वीर, पण आईसाठीं त्यालाही रडूं आवरलें नाहीं. मग शोक करणें हा दुबळेपणा समजावा काय? कित्येक सद्‌भक्त म्हणतात कीं, ज्यास पुनरुत्थानाची आशा आहे त्यानें अश्रु ढाळूं नयेत. हें म्हणणें शास्त्राला धरून आहे कीं नाहीं, तें आपण पाहूं.

यहूदी लोकांच्या इब्री शास्त्रांत शोकास पूर्ण मोकळीक आहे. योसेफ मेला असें समजून याकोबानें वस्त्रें फाडलीं, कमरेस गोणताट गुंडाळलें व कोणाचेंही सांत्वन स्वीकारिलें नाहीं. पुढें त्याच योसेफानें पित्यासाठीं ७ दिवस शोक केला. मोशेसाठीं इस्राएल लोक ३० दिवस रडले. मात्र या मोकळिकीस मर्यादाही आहे. मृतासाठीं अंगावर जखमा करून घेण्यास नियमशास्त्राची मनाई आहे. बाळ मरण पावल्यावर दावीद राजा उठला, त्यानें स्नान केलें, देवाची उपासना केली व मग अन्न घेतलें.

ही रीत पाहण्यास दूर जावयास नको. रायगड जिल्ह्यांत, म्हणजे पूर्वीच्या कुलाब्यांत, मराठी बोलणारे बेने इस्राएल लोक शतकानुशतकें राहत आले. जहाज फुटून बुडालेल्या त्यांच्या पूर्वजांस अलिबागेजवळ नवगांव येथें पुरलें, अशी त्यांची परंपरा आहे. इ. स. १९४८ नंतर त्यांतील बहुतेक कुटुंबें इस्राएल देशीं गेलीं. थोडीं येथेंच राहिलीं. यहूदी रीतीप्रमाणें मृताचे आप्त ७ दिवस घरीं शोकांत बसतात, व पहिलें जेवण शेजारी आणून देतात. मृतासाठीं जी कद्दीश नांवाची प्रार्थना म्हणतात, तींत मरणाचा शब्दही नाहीं. आहे ती केवळ देवाची स्तुति!

आतां ख्रिस्ती शास्त्राकडे वळूं. इब्री शास्त्रांत पुनरुत्थानाची आशा दानीएलाच्या ग्रंथासारख्या थोड्या ठिकाणींच स्पष्ट दिसते. नव्या करारांत ती मध्यभागीं आहे. म्हणून शोकाचा सूर पालटतो. तथापि पौल थेस्सलनीकाकरांस शोकच करूं नका असें सांगत नाहीं. आशाहीनांसारखा करूं नका, एवढेंच सांगतो. नाईन गांवच्या विधवेस प्रभु येशूनें रडूं नको म्हटलें खरें. परंतु लागलाच तिचा पुत्र जिवंत करून तिच्या स्वाधीन केला. ज्याच्या हातीं मृतास उठविण्याचें सामर्थ्य नाहीं, त्यानें हे शब्द उच्चारण्याची घाई करूं नये. आणि लाजाराच्या कबरेपाशीं तर, आपण त्यास उठविणार हें ठाऊक असूनही, प्रभु स्वतः रडला!

तेव्हां दोन्ही शास्त्रांतला भेद अश्रु ढाळावेत कीं ढाळूं नयेत, हा नव्हे. एकानें शोकाला दिवस नेमून दिले व शेजाऱ्यांस त्यांत वांटेकरी केलें. दुसऱ्यानें त्या शोकापुढें आशेचा दिवा ठेविला. दिवा लागला म्हणून रात्र नव्हतीच, असें कोणी म्हणत नाहीं.

विद्यार्थी बंधुभगिनींनो, आईबापांचें छत्र हरपलेला एखादा सोबती सुटीनंतर वर्गांत परत येतो, तेव्हां काय बोलावें हें आपणांस सुचत नाहीं. अशा वेळीं ईयोबाचे तीन मित्र आठवावे. ७ दिवस व ७ रात्री ते त्याच्याजवळ भूमीवर मुकाट्यानें बसले. तीच त्यांची खरी सेवा होती. पुढें ते त्याच्या दुःखाचीं कारणें सांगूं लागले, आणि त्याच्या दुःखांत भरच पडली. म्हणून आपणही उपदेश मागें ठेवून प्रथम त्याच्या शेजारीं जाऊन बसावें.